स्वस्त कॅमेरा की परवडणारा कॅमेरा?

मोबाईलमध्येच उत्तम कॅमेरा आल्यामुळे स्वतंत्र डिजिटल कॅमेऱ्याची आवश्यकता उरली नाही, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. दूरच्या फांदीवरील पक्षी वा मंद प्रकाशातील नाट्यप्रयोग टिपताना चांगल्या भिंगाचा कॅमेरा आजही सरस ठरतो. मात्र तो निवडताना सामान्य ग्राहकाची दिशाभूल होते, ती मेगापिक्सेलच्या आकड्यामुळे.

इंचाला ३०० बिंदू धरले, तरी ४ बाय ६ इंचांच्या छपाईस सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. ए-४ आकारास नऊ पुरतात. चित्राचा दर्जा मुख्यतः भिंगावर आणि प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकारावर अवलंबून असतो. छोट्या कॅमेऱ्यांत सामान्यतः आढळणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते, तर 'एपीएस-सी' सेन्सरचे ३३० ते ३७०. रुंद परातीत पावसाचे पाणी अधिक साठते, तद्वत मोठा सेन्सर अधिक प्रकाश ग्रहण करतो. झूमबाबतही सावध असावे. ऑप्टिकल झूममध्ये भिंग दृश्य जवळ आणते; डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला भाग कापून केवळ मोठा केला जातो.

दुसरा प्रश्न खर्चाचा. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यास पुढे आणखी भिंगे, मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग हे सारे हळूहळू लागतेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत व्हावयास वेळ लागत नाही. त्यात 'बिनव्याजी' हप्त्यांचा मोह पडतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते किंवा रोखीची सवलत ग्राहकास गमवावी लागते. उत्साह ओसरला तरी हप्ते सुरूच राहतात.

म्हणून प्रथम कशाची छायाचित्रे काढावयाची, हे निश्चित करावे. मुलाबाळांच्या आणि सहलींच्या छायाचित्रांसाठी हातातील मोबाईल पुरेसा असेल, तर खरेदी न करणे हाही शहाणपणाचा निर्णय होय. पक्षी वा रंगमंच यांचा छंद खरोखर असेल, तर जितका हप्ता भरण्याची तयारी आहे, तितकीच रक्कम सहा महिने आवर्ती ठेवीत भरून पाहावी. मुदतीअखेर हौस टिकली, तर हाती रक्कम असेल. न टिकल्यास शिल्लक तरी उरेल. परवडणे म्हणजे काय, याचा याहून चोख हिशेब नाही.