रुग्णवाहिकेतील रिकामी जागा

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरांवर वलगाव येते आणि पेढी नदी भेटते. याच पेढीच्या परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता, श्रीगाडगे महाराजांनी वाटेतच देह ठेवला. त्या दिवशी काय केले असते तर काय झाले असते, असल्या तर्काला येथे स्थान नाही. परंतु रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामधल्या रस्त्याचा विचार करावयाचा तर वलगावहून अधिक उचित स्थळ आमच्या जिल्ह्यात सापडणार नाही. मुंबईस जे. जे. रुग्णालयाच्या आश्रयाला येणाऱ्या गोरगरिबांच्या नातलगांना डोक्यावर छप्पर असावे, म्हणून ज्या महापुरुषाने धर्मशाळा उभारली, त्याला रुग्णाची वाट आणि रुग्णाची वणवण ही दोन्ही ठाऊक होती.

त्याच वलगावचा एक तरुण मागच्या आठवड्यात आमच्या कचेरीत आला. बारावीनंतर त्याने तातडीच्या वैद्यकीय सेवेचे शिक्षण घेतले असून तो आता ज्याला ‘ईएमटी’ म्हणतात तो तंत्रज्ञ झाला आहे. शिफारसपत्र मागावयास आला असेल, असे आम्हांस वाटले. त्याने मागितला तो एका गोष्टीचा खुलासा. एका ठिकाणी त्याला सांगण्यात आले की, आम्हांस डॉक्टर हवा. दुसऱ्या ठिकाणी विचारण्यात आले की, दोन वर्षांचा अनुभव कोठे आहे? तिसऱ्या ठिकाणी एका गाडीमालकाने प्रमाणपत्राकडे न पाहताच विचारले, “गाडी चालवता येते का?” हे सारे सांगून तो म्हणाला, “सर, त्या गाडीत माही जागा कोनती?” आयुष्याची काही वर्षे आम्ही शाळेत खडू हातात घेऊन काढली आहेत. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही म्हणजे मास्तराला जी लाज वाटते, ती आम्हांस त्या दिवशी पुन्हा वाटली.

त्या तरुणाची जागा कोठे हरवली, हे पाहू गेल्यास दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नसून रचनेचा आहे, असे दिसून येते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल, हे या सेवेचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले, आणि ते खरेही आहे. हे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदाचे पदवीधर असतात. एक डॉक्टर आणि एक चालक, एवढ्यावर गाडीतील माणसांची यादी संपते. २००५ साली हैदराबादेत सुरू झालेल्या आणि पुढे गुजरात, गोवा इत्यादी राज्यांत पसरलेल्या १०८ सेवेची रीत याहून निराळी आहे. तेथे रुग्णाजवळ प्रशिक्षित तंत्रज्ञ बसतो आणि नियंत्रण केंद्रातील डॉक्टर त्याला दूरध्वनीवरून सल्ला देतो. म्हणजे आमच्या तरुणाची जी जागा सीमेपलीकडे आहे, ती सीमेअलीकडे निर्माणच झालेली नाही.

दुसरे टोक खासगी गाड्यांचे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर त्या रांगेने उभ्या असतात. त्यांतील कित्येकांत चालकावाचून दुसरा माणूस नसतो. मागे रुग्ण, त्याच्या उशाशी रडणारी आई किंवा भांबावलेला भाऊ, आणि प्राणवायूची नळी कोणी धरावयाची हे कोणासच ठाऊक नाही! रुग्णवाहिकांसाठी राष्ट्रीय मानक आहे, परंतु ते प्रामुख्याने गाडीच्या बांधणीचा व साहित्याचा विचार करते. लोखंडाची तपासणी होते, माणसाची होत नाही. एका प्रकारच्या गाडीत डॉक्टर आहे म्हणून तंत्रज्ञ नको आणि दुसऱ्या प्रकारच्या गाडीत कोणीच चालते म्हणून तंत्रज्ञ नको, असा हा प्रकार आहे.

डॉक्टर असणे तंत्रज्ञ असण्यापेक्षा केव्हाही चांगले नव्हे काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. तथापि धावत्या गाडीत हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावयाची, त्याच वेळी श्वासमार्ग मोकळा ठेवून श्वास द्यावयाचा आणि केंद्राशी बोलावयाचे, हे एका माणसाच्या दोन हातांचे काम नाही. चालकाचे हात तर चाकावर गुंतलेले असतात. शिवाय मेळघाटातील आरोग्य केंद्रांना डॉक्टर मिळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे ओरड करणाऱ्या राज्याने साध्यासुध्या प्रत्येक फेरीला डॉक्टर जुंपावा, यात काटकसर नाही आणि शहाणपणही नाही. तंत्रज्ञ हा डॉक्टरची स्वस्त नक्कल नव्हे. मान न हलवता जखमीला फळीवर कसे घ्यावे, वाहते रक्त कसे रोखावे, काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे त्याचे स्वतंत्र शास्त्र आहे.

आमच्या वऱ्हाडाला या शास्त्राची गरज इतरांहून कमी नाही. पेरणीच्या दिवसांत सर्पदंश होतो आणि दंशावर करकचून दोरी बांधण्याची जुनी चाल अजून गेलेली नाही. वस्तुतः तो अवयव हलू न देता रुग्णास प्रतिविष मिळेल तेथे शक्य तितक्या लवकर पोचविणे हाच मार्ग आहे. फवारणीतून होणाऱ्या विषबाधेने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात केवढा हाहाकार उडविला, हे वाचक विसरले नसतील. अकोल्याचा उन्हाळा उष्माघाताचे बळी घेतो. त्यातच जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग वऱ्हाडातून जातो. वाहनांचा वेग वाढला आहे. जखमीच्या शुश्रूषेचा वेग त्या मानाने वाढला, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

मग शिकलेल्या हातांना काम का नाही? ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही, हे तिचेच आजचे रूप. जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, केंद्र सरकारने एक लाख तरुणांना आरोग्यसेवेतील सहा प्रकारच्या कामांचे अल्पमुदतीचे शिक्षण देण्याची योजना जाहीर केली. तातडीच्या शुश्रूषेचे साहाय्य हे त्या सहांपैकी एक काम होते. हेतू स्तुत्यच होता. परंतु प्रमाणपत्र निर्माण करणे सोपे असते, जागा निर्माण करणे कठीण. खासगी शिक्षणसंस्थांबद्दलही चार शब्द बोलणे प्राप्त आहे. भिंतीवरच्या जाहिरातीत धावती रुग्णवाहिका रंगवावयाची आणि विद्यार्थ्याला वर्षभरात एकदाही तिच्यात बसवावयाचे नाही, अशी संस्था विद्यालय नसून दुकान आहे.

जागा आधी ठरवून माणसे नंतर शिकविली, तर काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचे आहे. त्या काळी तेथे रुग्णांना पोलिसांच्या गाडीतून किंवा प्रेते वाहणाऱ्या मोटारीतून नेत असत. १९६७ साली तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बेकार तरुण निवडून डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले आणि ‘फ्रीडम हाउस’ या सेवेच्या गाड्यांवर त्यांची नेमणूक झाली. ज्यांना कोणी काम देत नव्हते, त्यांनी आधुनिक रुग्णवाहिका-सेवेचा पाया घातला. १९७५ मध्ये नगरपालिकेने आपली सेवा काढून ही संस्था बंद केली आणि त्यांतील अनेकांना दूर लोटले, हे त्या कथेचे दुःखद अंग. दोन्ही अंगे आम्ही ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

आपल्या संसदेनेही २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला व आपत्कालीन तंत्रज्ञास त्यात मान्यता दिली. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्रास व राज्यांस दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, यावरून राज्यकर्त्यांची तत्परता कळून येते. त्याच वर्षी राज्य सरकारने १०८ सेवेचा नवा करार केला आणि गाड्यांची संख्या १,७५६ पर्यंत नेण्याचे ठरविले. गाड्या वाढविण्याचा हा निर्णयच तंत्रज्ञाच्या जागेचा प्रश्न सोडविण्याची संधी आहे.

सरकारपुढे आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, मूलभूत साधनांच्या गाडीत नोंदणीकृत तंत्रज्ञ आणि प्रगत गाडीत डॉक्टरच्या जोडीला तंत्रज्ञ असावा, आणि ही अट करारातच असावी. दुसरी, खासगी गाडीला रुग्णवाहिका म्हणून परवाना देताना चाके व दिवे तपासतात, तसा मागे बसणारा माणूसही तपासावा. तिसरी, नवशिक्यांसाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा उपयोग करून प्रत्येक जिल्ह्यात काही जागा विद्यावेतनावर राखाव्यात, म्हणजे ‘अनुभव कोठे आहे’ या प्रश्नाला उत्तर तरी राहील.

त्या तरुणासही आमचे सांगणे आहे. सरकार हलेपर्यंत घरी बसणे परवडणारे नाही. रुग्णालयाच्या अपघात विभागात मिळेल ते काम पत्करावे. वाहन चालविण्याचा परवाना काढण्यात कमीपणा नाही. परंतु चालक म्हणून घेऊन मागे एकटा रुग्ण टाकावयास लावणाऱ्या मालकास स्पष्ट नकार द्यावा, कारण शिकलेल्या माणसाने डोळ्यांदेखत असे होऊ देणे हे न शिकलेल्याच्या चुकीहून मोठे पाप आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो नाही, ते आज देतो. गाडीत त्याची जागा रुग्णाच्या उशाशी आहे. ती आज रिकामी आहे आणि ती रिकामी ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला व कोणत्याही गाडीमालकाला नाही. पेढीच्या पुलावरून रात्री-अपरात्री परतवाड्याकडून अमरावतीस जी गाडी धावत येईल, तिच्यात उद्या आपल्यापैकी कोणाचाही आप्त असू शकेल.