आधी बिनपंखांची गाडी, मग पंखांची



गेल्या महिन्यात शाळेच्या प्रश्नपेटीतून नववीतील एका विद्यार्थ्याची चिठ्ठी निघाली. "सर, मोटार रेसिंग शिकायची तर पंख असलेली गाडी आधी चालवावी की पंख नसलेली?" शिक्षक-कक्षात हशा पिकला. बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात रेसिंग कोण करतो? पण आम्हाला प्रश्न मोलाचा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

रेसच्या गाडीचा पंख म्हणजे विमानाचाच पंख, पण उलटा बसविलेला. विमानाचा पंख वर उचलतो, गाडीचा पंख खाली दाबतो. त्यामुळे टायर जमीन घट्ट धरतात आणि वळणावर गाडी सहसा घसरत नाही. मात्र हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. म्हणजे गाडी संथ झाली की पंखाची साथ सुटते आणि उरते ते फक्त चालकाचे कसब.

अमेरिकेत मातीच्या गोल ट्रॅकवर स्प्रिंट कारच्या शर्यती होतात. तेथे पंखवाल्या व बिनपंखांच्या गाड्यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या असतात. डोक्यावरचा पंख सुमारे २५ चौरस फुटांचा असतो. नवशिक्याने पंखानेच सुरुवात करावी असे म्हणणारे तेथे पुष्कळ आहेत. त्यांचा मुद्दा खोटा नाही. पंखामुळे गाडी स्थिर राहते, आणि उलटली तर पहिला मार पंख खातो.

आपल्या देशातही आता दोन्ही वाटा आहेत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर धावणारी एलजीबी फॉर्म्युला ४ ही बिनपंखांची गाडी आहे. तिला मारुतीचे १३०० सीसी इंजिन असते. २०२३ पासून सुरू झालेल्या भारतीय एफ-४ स्पर्धेतील गाड्यांना पुढे-मागे पंख आहेत. त्याही आधीची पायरी गो-कार्टची. तिलाही पंख नसतात. आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. आधी छोटे इंजिन व बिनपंखांची गाडी, मग पंखांची. पंख चालकाच्या चुका झाकतो. पंख नसेल तर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीचे बूड लगेच सरकते आणि चूक तिथल्या तिथे कळते. शिवाय छोट्या गाडीत चूक स्वस्तात पडते. पंखाचा फायदा घ्यायचा, पण त्याच्याशिवाय चालविता येऊ लागल्यावर. सुरक्षिततेसाठी हेल्मेट, पट्टा व प्रशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून हवेतच.

आमची पदवी हिंदी माध्यमाची. या शाळेत आलो तेव्हा मराठी भाषण आधी हिंदीत लिहून मग उतरवीत असू. तो आमचा पंख होता. एके दिवशी कागद घरी राहिला आणि अडखळत का होईना, बोलावे लागले. त्या दिवसापासून आम्ही खरे मराठी शिकू लागलो. गाइड पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या फाटकासमोर रोज सकाळी नववी-दहावीची मुले वडिलांच्या मोटारसायकली लावतात. तिघे-तिघे बसून, हेल्मेटशिवाय. येथे ना ट्रॅक, ना प्रशिक्षक. समोरून उसाचे ट्रॅक्टर. मोटारसायकलच्या परवान्यासाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलास २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मुलगा सायंकाळी धडधाकट घरी परतणे.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की शाळेच्या आवारात सायकलींसाठी शेड उभारावी. पालकांना विनंती की किल्ली आपल्या खिशात ठेवावी. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्यास सांगतो : बाळ, तुझा प्रश्न उत्तम होता. आधी सायकल नीट चालव. तिलाही पंख नसतात.