तिसऱ्या भाषेवर भांडलो, पण दुसरीचं काय?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि राज्यात रान पेटलं. जूनमध्ये शब्द बदलून दुसरा जीआर आला. मोर्चाची हाक दिली गेली. शेवटी २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर केली. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा ठेवू नका, हे म्हणणं रास्तच होतं. त्याबद्दल वाद नाही.

पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तिसरी राहू द्या बाजूला. पहिलीच्या वर्गात जी दुसरी भाषा आपण पंचवीस वर्षांपूर्वी आणून बसवली, त्या इंग्रजीचं काय झालं?

आमच्या पिढीला आठवत असेल. आम्ही एबीसीडी शिकलो ती पाचवीत. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली निर्णय झाला आणि राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हाही टीका झाली. पण विचार सरळ होता. खेड्यातल्या, गरिबाच्या पोराला इंग्रजी मिळालं पाहिजे आणि त्यासाठी त्याला मराठी शाळा सोडावी लागू नये.

आता जरा हिशोब करा. २००० च्या जूनमध्ये जे पोरगं पहिलीत बसलं, ते आज तिशी ओलांडून गेलंय. त्याचं लग्न झालं, त्याची पोरं पहिलीत जायला आली. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी आज पालक झाली आहे. आणि ही तुकडी स्वतःच्या पोरांना कुठं घालते आहे? तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला! सकाळी सात वाजता गावागावात पिवळ्या व्हॅन फिरतात, त्यात कोंबून.

या निर्णयाचा याहून मोठा निकाल कुठला पाहिजे?

एका ओळखीच्या शेतकऱ्यानं यंदा पोरीला झेडपीच्या शाळेतून काढली. मी विचारलं, अहो, तुमच्या गावची शाळा तर चांगली आहे, गुरुजी वेळेवर येतात, मग का काढली? तो म्हणाला, "भाऊ, मी ह्याच शाळेत पहिलीपासून इंग्लिश शिकलो. दहावी झालो. आज औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं म्हणलं तरी दुकानदाराला विचारतो. पोरीचं तसं नको व्हायला." यावर काय बोलणार? तो मराठीचा वैरी नाही, इंग्रजीच्या हौसेनं वेडा झालेलाही नाही. दहा वर्षं शिकून जे हाती आलं नाही, त्याचा हिशोब तो मागतोय.

हे एकट्याचं रडगाणं नाही. 'असर'चा अहवाल देशातल्या ग्रामीण भागातल्या मुलांची घरोघर जाऊन चाचणी घेतो. साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी पाचवीतली मुलं २०१६ मध्ये २४.७ टक्के होती. २०२२ मध्ये २४.५ टक्के. म्हणजे चारातलं एक. सहा वर्षांत काटा जागचा हलला नाही. हा आकडा देशाचा आहे, पण आपल्या केंद्रातल्या कुठल्याही शाळेत चक्कर मारा, फार वेगळं दिसायचं नाही.

मग अडतंय कुठं? गुरुजी आळशी आहेत म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बातमीच्या निमित्तानं शाळांमध्ये जाणं होतं आणि बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो. इंग्रजीचा तास म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. गुरुजी एक ओळ वाचतात, तिचा मराठी अर्थ सांगतात, पोरं पुस्तकातल्या इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पोरगं धडाधड 'वाचतं'. पालक खूश, साहेबही खूश. पण ते पोरगं इंग्रजी वाचतच नाहीये हो, ते वरचं मराठी वाचतंय. पेन्सिल खोडून टाका, गाडी बंद.

यात एक साधी मेख आहे आणि ती पालकांनीही समजून घ्यावी. मराठीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. 'क' चं नाव 'क' आणि वाचायचाही 'क'. इंग्रजीत तसं नाही. अक्षराचं नाव 'सी', पण 'कॅट'मध्ये त्याचा आवाज 'क' आणि 'सिटी'मध्ये 'स'. पोरगं घोकतं, "सी ए टी, कॅट, कॅट म्हणजे मांजर." पण सी, ए आणि टी मिळून 'सीएटी' न होता 'कॅट' कसं झालं, हे त्याला कुणी सांगतच नाही. मग ते अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करतं. 'कॅट' येतं, पण 'मॅट' समोर आला की गप्प, कारण तो पाठ नाही. अक्षरं २६, आवाज ४४ च्या आसपास. आवाज आधी शिकवले, तर पोरगं दुसरी-तिसरीत छोटे छोटे नवे शब्द स्वतः जुळवून वाचायला लागतं. नुसती नावं शिकवली, तर सातवीपर्यंत पाठांतर चालू.

बोलण्याचं तर विचारूच नका. "व्हॉट इज युवर नेम?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "माय नेम इज" सुरू करतो. त्याच वर्गात कोपऱ्यातलं दप्तर उचलून "हूज बॅग इज धिस?" विचारा. शांतता. कारण प्रश्न आणि उत्तर दोन्ही पाठ केलेलं असतं, कान मात्र तयार झालेला नसतो.

आपलं लेकरू मराठी कसं शिकलं? वर्ष-दीड वर्ष नुसतं ऐकलं. मग एकेक शब्द. मग वाक्य, तेही चुकत-माकत. लिहिणं आलं सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांनी. इंग्रजीत आपण उलट्या टोकानं सुरुवात करतो. पहिल्या दिवशी लिहिणं, मग वाचणं, आणि बोलणं कधीच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत मधे. 'मी आंबा खातो' ची सवय असलेल्या पोराच्या तोंडून 'आय मँगो ईट' आलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? योग्य वाक्य शंभर वेळा कानावर पडलं की ते आपोआप बसतं. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून बसत नाही.

आता गुरुजींची बाजू. आरटीई कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत. एकाला मराठी लिहायला लावायचं, दुसऱ्याला गणित द्यायचं, तोवर पोषण आहाराची नोंद, तोवर मोबाइलवर 'माहिती तात्काळ पाठवा'. त्याच कायद्यात बिगरशैक्षणिक कामं कोणती, तेही लिहिलंय. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका. रोजच्या ऑनलाइन लिंका त्यात कुठं आहेत?

आणि दुसरं, जे कुणी उघड बोलत नाही. ज्या गुरुजींनी इंग्रजी बोलायला शिकवायचं, त्यांच्याशी आयुष्यात कुणी इंग्रजी बोललेलं नाही. मराठी शाळा, मग डीएड, मग नोकरी. त्यांना वाचता येतं, लिहिता येतं, बोलायला लाज वाटते. वर्गात चुकलो तर? बाहेर उभ्या असलेल्या पालकानं ऐकलं तर? म्हणून ते फळ्याचा आधार घेतात. यावर उपायही आपल्याच राज्यात होऊन गेलाय. २०१६ च्या सुमारास ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या मदतीनं सरकारनं 'तेजस' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. त्यात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नेमानं एकत्र बसायचे, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे, वर्गात काय जमलं काय नाही ते सांगायचे. प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये दोनशे जण, समोर स्लाइड आणि दुपारी जेवण, या पद्धतीपेक्षा हे किती तरी शहाणपणाचं. आजही दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद होते. त्यातला अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचा ठेवला तर सरकारचा एक रुपया खर्च होणार नाही. चुकू द्या की. सगळेच चुकतील, मग लाज कुणाला कुणाची?

वर्गात काय करता येईल, तेही लिहितो. यातलं काही मी शोधून काढलेलं नाही, मन लावून शिकवणाऱ्या शिक्षकांकडे हे दिसतं.

पहिली-दुसरीत लिहिणं नावापुरतं. रोज वीस मिनिटं फक्त ऐकणं आणि करणं. "स्टँड अप. गो टू द डोअर. ब्रिंग द रेड बॉल." पोरं उठतात, धावतात, आणतात. बोलली नाहीत तरी चालेल, कळलं की नाही ते त्यांच्या पायांवरून समजतं. काही दिवसांनी पोरंच एकमेकांना हुकूम सोडायला लागतात.

शब्द 'ॲपल', 'झेब्रा' पासूनच कशाला सुरू करायचे? आपल्या पोराच्या तोंडात शे-दोनशे इंग्रजी शब्द आधीच आहेत. बॅट, बॉल, आऊट, वाइड, बस, मोटर, पाइप, ट्रॅक्टर, ट्रॉली, सिलिंडर, चार्जर. जे पोरगं मळ्यात बापाला "पप्पा, मोटर ऑफ करू का?" विचारतं, त्याला इंग्रजी परकं नाही. त्याला फक्त सांगा, हे तुला येतंय, आता याचं वाक्य करू.

वाचायला पाठ्यपुस्तकाबाहेरचं काहीतरी द्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' वर मुलांच्या गोष्टी फुकट आहेत, मराठीतही आणि इंग्रजीतही. गावोगाव लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही घेतलेत, त्यांचे फोटो आम्हीच छापलेत. त्यावर रोज एक गोष्ट लावा. आधी मराठीत, मग तीच इंग्रजीत.

आणि लिहिणं म्हणजे स्वतःचं लिहिणं. 'आय हॅव अ गोट. शी ईट लीफ.' असं पोरानं लिहिलं, तर लाल पेननं त्याचा जीव घेऊ नका. त्यानं स्वतःच्या शेळीबद्दल दोन वाक्यं मनानं लिहिलीत. गाईडमधून उतरवलेल्या दहा बिनचूक ओळींपेक्षा ती लाखमोलाची आहेत.

एक गोष्ट मात्र आधी. ज्या पोराला मराठी धड वाचता येत नाही, त्याच्याकडून इंग्रजी वाचनाची अपेक्षा करणं म्हणजे पाया न भरता स्लॅब टाकणं. वाचायचं कसं, हे माणूस मुळात एकदाच शिकतो, आणि जी भाषा समजते तिच्यातच ते नीट शिकता येतं. म्हणून व्हॅनमधून तालुक्याला जाणाऱ्या पोरांचंही मला वाईट वाटतं. घरात इंग्रजीचा गंध नाही, वर्गात शिक्षिका तुटपुंज्या पगारावर, गॅदरिंगला कविता फाडफाड, आणि चौथीत ना धड मराठी ना धड इंग्रजी. पटसंख्या टिकवायला घाईघाईनं सेमी सुरू केलेल्या शाळांचंही तेच. 'बेरीज' कळण्याआधी 'ॲडिशन' पाठ करून गणित येत नसतं.

काही मित्र म्हणतील, पत्रकार महाशय, मराठी वाचवायची सोडून तुम्ही इंग्रजीची वकिली करताय. मी उलट म्हणतो. २०२३ पासून वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची भाषा सुरू आहे. पट का घसरला? मराठीवरचं प्रेम आटलं म्हणून नव्हे. कुठं जन्मदर घटला, कुठं माणसं शहरात गेली, आणि उरलेल्यांतले कित्येक इंग्रजीसाठी गेले. जी मराठी शाळा चौथीपर्यंत पोराला चार वाक्यं इंग्रजी बोलायला आणि एक पान वाचायला शिकवील, त्या शाळेतून पोरगं काढायची कुणाला हौस नाही. व्हॅनचे पैसे काय झाडाला लागत नाहीत. मराठी शाळा टिकवायची असेल तर तिथलं इंग्रजी सुधारावंच लागेल. नुसत्या घोषणांनी ती टिकणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण सदस्य पालक असतात. पण बैठकीत चर्चा होते ती कंपाउंडची, नळाची आणि पंधरा ऑगस्टच्या खाऊची. पुढच्या बैठकीत एवढं करा. चौथीतल्या कुठल्याही पाच पोरांना आधी न पाहिलेल्या चार ओळी मराठीत वाचायला द्या, चार इंग्रजीत. मग एक साधा प्रश्न इंग्रजीत विचारा, 'नेम' सोडून. पोरांना रागावू नका, गुरुजींवर तुटून पडू नका. जे दिसेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. गुरुजी म्हणाले की वेळ मिळत नाही, तर त्यांचा वेळ कुठं जातो तेही लिहून घ्या आणि तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. गुरुजींच्या बाजूनं जा.

ज्या शाळेत हे जमलंय, त्या शाळेचं नाव मला कळवा. मी स्वतः येतो, पोरांशी बोलतो आणि बातमी करतो. टीव्हीच्या उद्घाटनाची बातमी आता पुरे झाली. चौथीतलं पोरगं अनोळखी पान वाचतंय, ही खरी बातमी आहे.