तपासणी हवी, हेलपाटे नकोत!
परदेशात शाळा बदलणाऱ्या शिक्षकांच्या पोलीस दाखल्याविषयी जाहीर पत्रक

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

आम्ही आखाती देशांतल्या शाळांमध्ये शिकवणारे मराठी शिक्षक. विपर्यासाला जागा राहू नये म्हणून पहिलीच गोष्ट ठणकावून सांगतो : शिक्षकाची पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. ज्याच्या ताब्यात आपण रोज सहा-सात तास मुले देतो, त्याची मागची चौकशी करणे हा पालकांचा हक्क आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश काढला. त्याला विरोध करण्याचे कारण कोणाही प्रामाणिक शिक्षकाला नाही, आम्हालाही नाही.

आमची तक्रार आहे ती पडताळणीच्या नावाखाली नाचवल्या जाणाऱ्या कागदी घोड्यांबद्दल. हे घोडे शिक्षकाला दमवतात, एजंटांचे खिसे भरतात आणि मुलांचे रक्षण मात्र करत नाहीत.

नेमके काय घडते?

समजा, इचलकरंजीची एक गणिताची शिक्षिका आठ वर्षे दुबईत शिकवते आहे. पहिल्यांदा आली तेव्हा तिने भारतातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सगळे ज्याला पीसीसी म्हणतात तो दाखला, रीतसर आणला होता. आता त्याच शहरातल्या दुसऱ्या शाळेत तिला जागा मिळाली. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष इथेही एप्रिलला सुरू होते, तेव्हा मार्च संपायच्या आत सगळे कागद हवेत. काही शाळा दुबई पोलिसांच्या दाखल्यावर भागवतात. पण पुष्कळ शाळांच्या यादीत एक ओळ असतेच : मायदेशाचा ताजा पोलीस दाखला, साक्षांकित.

आठ वर्षांत ही बाई भारतात राहिली किती? जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत येऊन-जाऊन. तरीही ती कशी वागली हे सांगायचे भारतातल्या पोलिसांनी! अर्ज इथल्या वकिलातीमार्फत करायचा, तो भारतातल्या पासपोर्ट कार्यालयाकडे जाणार आणि तिथून गरज पडेल तर पोलीस ठाण्याकडे. मग एखाद्या सकाळी हवालदार दारात उभा. घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील. "मुलगी कुठे असते?" "दुबईला." "कधीपासून?" "आठ वर्षे झाली की." आधारच्या झेरॉक्स, शेजारच्या दोघांच्या सह्या, पासपोर्टवरचा पत्ता जुना का याचा खुलासा. हवालदार बिचारा आपले काम करतो. पण तो लिहून लिहून लिहिणार काय? अर्जदार सध्या या पत्त्यावर राहत नाही. ही माहिती तर अर्जातच होती. आणि कधीकधी एवढ्याच शेऱ्यावर फाईल अडते. गल्लीत मात्र आठवडाभर चर्चा : यांच्याकडे पोलीस कशाला आले होते?

दाखला हातात पडला की दुसरा फेरा सुरू. भारतातून काढलेली पीसीसी देते पासपोर्ट कार्यालय, आणि पासपोर्ट कार्यालय परराष्ट्र मंत्रालयाचे. हा दाखला खरा आहे असा शिक्का मारणार कोण? तेच परराष्ट्र मंत्रालय! भारत 2005 पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे. ओमान, बहारीन आणि 2022 च्या डिसेंबरपासून सौदी अरेबियाही त्यात आहे, त्यामुळे तिथे अपोस्टिल नावाच्या एकाच शिक्क्यावर काम होते. दुबई ज्यात येते ती संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. म्हणून आधी आपल्या मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि कागद दुबईत पोचला की तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. भारतात पीसीसीची फी 500 रुपये, अपोस्टिलची सरकारी फी 50 रुपये. आकडे ऐकायला किरकोळ आहेत. पण मंत्रालय कागद थेट नागरिकाच्या हातून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच जावे लागते. आणि परदेशात वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाला एजंटाशिवाय वाली नाही. त्याने सांगितलेला आकडा निमूटपणे मोजायचा, कारण एप्रिल कोणासाठी थांबत नाही.

असा दाखला पकडतो कोणाला?

ऑक्टोबर 2007. क्रिस्टोफर नील हा कॅनडाचा माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. लहान मुलांवरील अत्याचारांच्या छायाचित्रांत त्याने आपला चेहरा संगणकावर विरूप करून लपवला होता. तो चेहरा तज्ज्ञांनी पुन्हा उभा केला आणि इंटरपोलने तो जगासमोर ठेवला. अटकेच्या काही दिवस आधीपर्यंत हा गृहस्थ दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवत होता. कोरियात साहजिकच हलकल्लोळ झाला. त्याच डिसेंबरात सरकारने परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसासाठी गुन्हेगारी नोंदीचा दाखला आणि एचआयव्हीसह वैद्यकीय चाचण्या सक्तीच्या केल्या. पण नीलला त्याआधी शिक्षा झालेली नव्हती. हा नियम आधीपासून असता तरी तो कोरा करकरीत दाखला दाखवून आत आला असता. आणि एचआयव्हीचा बालरक्षणाशी संबंध काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने एका शिक्षिकेच्या तक्रारीवर कोरियाविरुद्ध निर्णय दिला आणि 2017 मध्ये ती चाचणी रद्द झाली. तोवर दहा वर्षे हजारो निरपराध शिक्षकांनी तो अपमान सोसला.

आता उलटे उदाहरण. विल्यम वाही हा अमेरिकन शिक्षक. मुलांवरील अत्याचाराबद्दल 1969 मध्येच कॅलिफोर्नियात त्याला शिक्षा झाली होती. तरीही पुढची सुमारे चार दशके तो इराण, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, व्हेनेझुएला, ब्रिटन, निकाराग्वा अशा देशोदेशींच्या आंतरराष्ट्रीय शाळांत मानाने शिकवत राहिला. 2014 मध्ये त्याचे बिंग फुटले ते कोणत्या दाखल्यामुळे नव्हे, तर घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती लागलेल्या पेन ड्राइव्हमुळे. किमान 90 मुलांची छायाचित्रे त्यात होती. त्याच्या वागण्याबद्दल लंडनच्या शाळेत आधीच शंका व्यक्त झाल्या होत्या, पण कोणी त्यांचा छडा लावला नाही, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. एकाची नोंदच नव्हती, दुसऱ्याची होती पण कोणी पाहिली नाही. दोघेही शाळा आणि देश बदलत राहिले. अशा माणसाला अडवायचे तर दोनच गोष्टी उपयोगाच्या : तो जिथे जिथे राहिला तिथल्या पोलिसांची नोंद, आणि आधीच्या शाळेने तोंड उघडून दिलेले खरे उत्तर. इचलकरंजीच्या हवालदाराने आठ वर्षे न पाहिलेल्या बाईबद्दल दिलेला अहवाल या दोन्हींत बसत नाही.

"एक कागद जास्त घेतला तर बिघडले काय?"

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. बिघडते ते असे की त्या कागदाने खोटे समाधान मिळते. यादीतल्या रकान्यात बरोबरची खूण झाली की मुख्याध्यापक निर्धास्त होतात आणि आधीच्या शाळेला करायचा फोन राहून जातो. शंका आली म्हणून शाळेने गुपचूप राजीनामा घेतलेला माणूस याच फटीतून पुढच्या शाळेत शिरतो. त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदलेली नाही, म्हणजे दाखला स्वच्छ!

अडकतो तो भलताच. महाराष्ट्रात विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी अनुदानासाठी आझाद मैदानावर किती आंदोलने केली, हे आपण जाणता. जमावबंदीचा आदेश मोडला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 आणि 135 खाली मोर्चेकऱ्यांवर गुन्हे दाखल होतात आणि वर्षानुवर्षे रेंगाळतात. असा गुन्हा नावावर असला की पीसीसी रखडते. पगार मागणारा शिक्षक आणि मुलांचा गुन्हेगार एकाच चाळणीत! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मार्ग आहेत, आणि ते चालू आहेत

ज्या कोरियाने तो नियम आणला, त्यानेच पुढे शहाणपणाची एक तरतूद ठेवली : पहिल्या वेळी साक्षांकित दाखला दिलेला असेल आणि मधल्या काळात तीन महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहणे झाले नसेल, तर नोकरी बदलताना तो पुन्हा आणावा लागत नाही. कारण साधे आहे. तो माणूस कोरियातच होता, तेव्हा त्याची नोंद कोरियाच्या पोलिसांकडेच असणार. ब्रिटनमध्ये 2013 पासून पडताळणीची नोंद ऑनलाइन ताजी ठेवण्याची सोय आहे. शिक्षकाने वर्गणी भरावी, परवानगी द्यावी, आणि नव्या शाळेने ती नोंद तपासावी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मुलांसोबत काम करण्याची मंजुरी पाच वर्षे चालते आणि त्या काळात यंत्रणा नव्या गुन्ह्यांवर सतत लक्ष ठेवून असते. सहा महिन्यांपूर्वीच्या शिक्क्यापेक्षा ही नजर कितीतरी कडक आहे. म्हणजे आम्ही सवलत मागत नसून जास्त कडक तपासणी मागतो आहोत.

आमच्या मागण्या

1. शाळा बदलताना शिक्षक ज्या देशात प्रत्यक्ष राहिला, त्या देशाच्या पोलिसांचा दाखला घ्यावा. मायदेशाचा दाखला एकदा दिलेला असेल आणि दरम्यान तिथे दीर्घ वास्तव्य झाले नसेल, तर तो पुन्हा मागू नये.

2. नेमणुकीआधी नव्या शाळेने मागच्या प्रत्येक शाळेला लेखी विचारावे : या व्यक्तीविरुद्ध मुलांच्या सुरक्षिततेबाबत कधी तक्रार आली होती काय? जुन्या शाळेला याचे लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे आणि त्याची प्रत शिक्षकालाही मिळावी.

3. पीसीसी देतानाच परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर आपले साक्षांकन किंवा अपोस्टिल करून द्यावे. एकाच मंत्रालयाच्या दोन खिडक्यांमध्ये नागरिकाला पळवू नये.

4. गुन्हा दाखल असणे आणि गुन्हा सिद्ध होणे यांत दाखल्यावर स्पष्ट फरक करावा, कलमासकट. आंदोलनाच्या गुन्ह्यावरून दाखला अडवू नये.

5. अर्जदार परदेशात आहे हे अर्जातच नमूद असताना "पत्त्यावर राहत नाही" या शेऱ्यावर फाईल थांबवू नये.

6. दाखल्याचा आणि साक्षांकनाचा खर्च शाळेने करावा. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारू नये असे म्हटलेच आहे. नोकरीसाठी लागणारा दाखला हा भरतीचाच खर्च आहे.

आवाहन

पालकहो, पुढच्या पालकसभेत फीवाढीच्या आधी एक प्रश्न विचारा : यंदा नेमलेल्या शिक्षकांपैकी किती जणांच्या आधीच्या शाळेशी तुम्ही स्वतः बोललात? उत्तर "सगळ्यांचे दाखले फाईलला आहेत" असे आले, तर समजा की कोणाशीच बोलणे झालेले नाही.

शिक्षक मित्रांनो, प्रत्येक दाखल्याची मूळ प्रत जपा, एजंटाकडून पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कितीही घाई असली तरी बनावट दाखल्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने तुमची नोकरी जाईल आणि आमची बाजू पडेल. सोडून आलेल्या शाळेत काही वावगे पाहिले असेल तर ते लेखी कळवा. गप्प बसणारा सहकारीही गुन्हेगाराला पुढची शाळा मिळवून देतो.

आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा हे पत्रक घेऊन आपापल्या खासदाराला भेटा. तिसरी, चौथी आणि पाचवी मागणी पूर्ण करायला दुबईची परवानगी लागत नाही. ते काम दिल्लीचे आणि मुंबईचे आहे, आणि ते करून घेणे आपल्या हातात आहे.

आपले,
आखाती देशांत शिकवणारे मराठी शिक्षक

(हे पत्रक वाचून झाल्यावर टाकू नका, दुसऱ्या शिक्षकाला किंवा पालकाला द्या.)