दाते खाली, हात मोकळा!

आईची काळी पायमशीन गेल्या वर्षी भंगारात निघाली होती. भंगारवाला वजनावर भाव सांगत होता, घरातले म्हणत होते, "नुसती जागा अडवते!" तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं थांब, हिच्यावर सुरेख भरतकाम होतं." मला हसूच आलं. मशीनचं भरतकाम म्हणजे कॉम्प्युटरवालं, महागडं, असाच माझा समज! पण सिंगर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पायमशीनवरच्या भरतकामाचं पुस्तक काढलं होतं.

काकूंनी शिकवायला घेतलं. आधी फूट काढून ठेवला. कापड पुढे सरकवणारे दाते खाली केले. (ती सोय नसेल, तर टाका शून्यावर आणायचा.) मांजरपाटाचा तुकडा रिंगमध्ये ढोलकीसारखा ताणला. रिंग मात्र उलटी, कापड मशीनला टेकलेलं. खालचा दोरा वर ओढून घेतला आणि पाय मारायला सुरुवात!

माझ्या पहिल्या फुलाचा नुसता गुंता झाला. फूटच नाही, म्हणून मी मागचा खटका खाली केला नव्हता; तो खाली केल्याशिवाय दोऱ्याला ताण बसत नाही. मग रिंग हिसकली म्हणून दोन सुया मोडल्या. "पाय भरभर, हात सावकाश," काकू रोज बजावायच्या. पंधरा दिवस रेघा आणि वेटोळी काढली, तेव्हा कुठे एक पान जमलं. हात जोरात फिरला की टाका लांब, सावकाश फिरला की बारीक, हे हळूहळू हातालाच कळू लागलं.

खरी अडचण पुढेच होती. ओळखीच्या एकीला ब्लाऊजच्या बाह्या भरून दिल्या. "मशीनवर तर केलंस, त्याला काय लागतं?" असं म्हणून तिने दोऱ्याचे पैसे हातावर ठेवले. मी गप्प बसले. माझ्या चार संध्याकाळी कुणीच मोजल्या नाहीत, मीसुद्धा! बाईचं शिवणटिपण म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, ही समजूत आपणच गप्प राहून पोसतो. आता मी वहीत तास लिहिते आणि मजुरी आधी सांगते. दोघी-तिघी परत गेल्या, बाकीच्या येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरची मशीन खाली काढा. तेल घाला, पट्टा बदला, जुन्या चादरीच्या तुकड्यावर हात बसवा. बोटं रिंगच्या कडेलाच ठेवा, सुईजवळ नकोत. आणि पहिली ऑर्डर घ्याल, तेव्हा मशीनशेजारी एक वही नक्की ठेवा.