बियाण्याचं वेड असेल तर धानाकडे वळा

मी ब्रह्मपुरीचा. शिक्षणाने इंजिनिअर, कामाने सॉफ्टवेअरवाला. गावाकडच्या पोरांना यंत्राबिंत्राचं काही अडलं की ती मला विचारतात. अलीकडे एक प्रश्न दोन-तीनदा आला : "भाई, घरातल्या खोलीत रोप वाढवायचं तर एलईडी दिवा कोणता घ्यायचा? आर्द्रतेचा सेन्सर कसा जोडायचा?" कोणतं रोप, असं विचारलं की आधी हसतात, मग सांगतात : गांजाचं, संकरित, वेगळ्या जातीचं. विकायचं नाही, नुसतं वाढवून बघायचंय.

त्यांची उत्सुकता मला समजते. गांजाची नर आणि मादी झाडं बहुतेक वेगवेगळी असतात, पराग वाऱ्यावर उडतो. संकरित झाडाचं बी पेरलं की एकाच झाडाच्या दहा बियांतून दहा तऱ्हेची रोपं निघू शकतात. कुणाचं पान वेगळं, कुणाची उंची, कुणाचा वास.

पण तुम्ही पाहता ते व्हिडिओ दुसऱ्या देशातले असतात. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं ठेवता येतात. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. परवानगीशिवाय हे झाड लावणं हाच त्यात गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एका कुंडीला त्यात सूट नाही. काही जण म्हणतात, कायद्यातल्या 'गांजा'च्या व्याख्येत नुसती पानं आणि बी येत नाहीत. ते खरं आहे, पण झाड लावण्याचं कलम वेगळं आहे. तिथे ही पळवाट चालत नाही.

नशा आपल्याकडे हराम आहे, हे तुम्हाला कुणी नव्याने सांगायला नको. मी बोलतोय ते कोर्टाच्या तारखांबद्दल, वकिलाच्या फीबद्दल, पासपोर्टच्या पोलीस पडताळणीबद्दल. आणि आपल्यातल्या एखाद्याचं नाव अशा बातमीत आलं की ते त्याच्यापुरतं राहत नाही, अख्ख्या मोहल्ल्याला चिकटतं. नोकरी शोधणाऱ्या त्याच्या भावाला आणि लग्नाच्या बहिणीला त्याची किंमत मोजावी लागते.

मग ही हौस सोडून द्यायची का? मुळीच नाही. ती कुठे लावायची, हे आपल्या शेजारच्याच तालुक्यात एका माणसाने दाखवलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम झालेली, जमीन थोडी. १९८३ साली 'पटेल ३' या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत राहिले. धान बहुतांशी स्वतःच्याच परागाने धरतो, म्हणून निवडलेला गुण काही हंगामांत स्थिर होतो. त्यातून बारीक दाण्याचा तांदूळ आला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. आज तो आपल्या घराघरात शिजतो.

पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण आणलं आणि दादाजी आपल्या श्रेयासाठी झगडत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पैसा मात्र फारसा हाती आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांनी ती लोंबी निवडली तेव्हा शेतकऱ्याचा बियाण्यावरचा हक्क लिहिलेला कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये आला. त्यानुसार नवं वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला ते स्वतःच्या नावाने नोंदवता येतं. म्हणजे एका रोपासाठी कायदा तुम्हाला तुरुंगात टाकतो, दुसऱ्यासाठी तुमचं नाव नोंदवून घेतो.

तेव्हा यंदा बांधीत उतराल तेव्हा वेगळी दिसणारी लोंबी बाजूला काढा. पेरणीची तारीख, निसवण्याची तारीख, उंची, सगळं मोबाइलमध्ये लिहा. शेत नसेल तर छतावर कुंडी ठेवा. संकरित टोमॅटोचं बी काढून पेरलंत तरी पुढच्या पिढीत वेगवेगळी झाडं दिसतील. मिरचीतही करून पाहा. पोरींनीही करावं, बी सांभाळून ठेवायचं काम आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या बायकांनीच केलं आहे.

सेन्सर लागला तर सांगा, मी जोडून देतो.