मुळशीचं पाणी गेलं त्या वाटेनं

उसाचं बिल खात्यावर जमा झालं आणि घरात मे महिन्याचा विषय निघाला. समुद्राला जायचं, एवढं सगळ्यांना मान्य आहे. कुठल्या समुद्राला, यावर पंधरा दिवस झाले तरी एकमत नाही. मुलं म्हणतात, पुन्हा फुकेत. धाकटी जाऊही त्यांच्याच बाजूनं. दीर म्हणतो, कोकण. नवरा म्हणतो, तुमचं ठरलं की मला सांगा. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "मला कशात धरू नका. गुरांचं बघायला कुणीतरी पाहिजेच की."

आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, नाहीतर देव. जेजुरी, भुलेश्वर, फार तर पंढरपूर. पाणी म्हणजे खडकवासल्याच्या कालव्याला सुटलेलं आवर्तन. आता यवतमध्ये आमच्याच आळीत चार घरांत पासपोर्ट आहेत. शेतकऱ्याच्या घरानं विमानात बसावं, याचा मला आनंदच आहे. म्हणून हा वाद "परदेश वाईट, आपलं ते चांगलं" असा मला घालायचा नाही. मी दोन्ही समुद्र पाहिलेत आणि दोन्हींकडं माझं काहीतरी राहिलंय.

फुकेतला आम्ही २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. थायलंडनं त्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता, त्यामुळं कागदपत्रांचा त्रास कमी होता. खर्च मात्र झाला. एकरभर उसाचं बिल त्यात गेलं आणि वर भर घालावी लागली. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण तिथं मी एक गोष्ट पाहिली. माझी जाऊ पाण्यावर उताणी पडली होती.

ती पोहते, हेच मला माहीत नव्हतं. बारा वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, तरी माहीत नव्हतं. तिच्या माहेरी मळ्यात विहीर आहे. पाठीला रिकामा डबा बांधून वडिलांनी तिला सहाव्या-सातव्या वर्षी ढकललं होतं. महिन्याभरात डबा सुटला. मग ती काठावरून सूर मारायची, विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. तेरा वर्षांची झाली आणि आजीनं सांगितलं, बास झालं आता. त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नव्हती. फुकेतच्या त्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं अशी रीत होती. उंच खुर्चीवर बसलेला जीवरक्षक पाण्यावरची नजर हलवत नव्हता. बायका हव्या त्या कपड्यांत पाण्यात होत्या आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. जाऊ टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या पँटवर आत गेली. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. मग एकदम हात पसरून पाठीवर पडली आणि डोळे मिटले. तिची मुलगी काठावरून ओरडत होती, "काकू, मम्मीला पोहता येतं!" मी तिच्याकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. वीस वर्षं.

आणखी एक गोष्ट तिथं मनात भरली. जवळच्या फी फी बेटांवर माया बे नावाचा किनारा आहे. २०००मध्ये आलेल्या एका हॉलिवूड चित्रपटामुळं तो जगभर माहीत झाला. माणसं आणि बोटी इतक्या येऊ लागल्या की पाण्याखालची प्रवाळं मेली. मग थायलंडनं २०१८च्या जूनमध्ये तो किनाराच बंद केला. कमाईचा विचार बाजूला ठेवून तीन वर्षांहून जास्त काळ बंद ठेवला आणि २०२२च्या जानेवारीत पुन्हा उघडला. तेव्हापासून बोटी बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात, माणसं मोजून सोडतात आणि पोहायला परवानगी नाही. शेत एक हंगाम पडीक ठेवावं तसा त्यांनी समुद्र पडीक ठेवला. हे आमच्या आईंना सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, "जमिनीला इसावा लागतो, तसा पान्याला बी लागत आसंल."

त्या मात्र तिथं नव्हत्या. किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला तर त्यांना नुसता उजेड दिसला. त्यांनी विचारलं, तिकडं किती वाजले. दीड तास पुढं आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग धार काढून झाली असेल तिकडं. मी फोन ठेवला आणि तो दिवस माझा नीट गेला नाही.

त्यांचा पासपोर्ट निघणार नाही असं नाही. साठीच्या पुढच्यांना शुल्कात सवलतही आहे. अडचण त्यांच्या मनाची आहे. आधारकार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी लागली आहे आणि ती त्यांना मान्य नाही. त्या गौरी जेवल्या त्या दिवशी जन्मल्या, हे त्यांना पक्कं माहीत आहे. "खोट्या तारखेवर सही करून परदेशात कशाला जाऊ?" यावर काय बोलायचं?

कोकणात मात्र त्या आल्या होत्या. २०२२च्या डिसेंबरमध्ये आम्ही अकरा जण एक गाडी करून दिवेआगरला गेलो. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव. मुळशी धरणाचा जलाशय दिसला तशी आईंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "एवढं पानी हितं हाय, मग आपलं आवर्तन का लांबतंय?"

नवऱ्यानं त्यांना सांगितलं ते मुलांनीही पहिल्यांदाच ऐकलं. हे पाणी मुळा नदीचं. नदीच्या मनाप्रमाणं गेलं असतं तर पुण्यात मुठेला मिळून, आमच्या शिवाराच्या उत्तरेकडून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेत गेलं असतं. पण टाटांनी इथं धरण बांधलं ते विजेसाठी. त्यात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी, तुरुंगात गेले. धरण झालंच. तेव्हापासून हे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं, वीज करून कुंडलिका नदीत जातं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. कोलाडला लोक रबरी बोटीतून ज्या लाटांवर उड्या मारतात, ते पाणी हेच.

माणगाव येईपर्यंत आई बोलल्या नाहीत. दिवेआगरच्या किनाऱ्यावर उभं राहिल्यावर पहिलं वाक्य त्यांनी हे काढलं, "म्हंजी आपलं पानी आपल्या आदी येऊन बसलंय."

ज्यांच्याकडं उतरलो त्या काकूंचं घर सुपारीच्या वाडीत होतं. वाडी म्हणजे काय उरलं होतं ते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या या पट्ट्यावरच धडकलं. त्या दिवशी आमच्याकडंही ऊस लोळला होता, पण ऊस वर्ष-दीड वर्षाचा. सुपारी लावल्यावर पीक धरायला पाच-सात वर्षं जातात. काकूंनी बोट करून दाखवलं, इथून तिथपर्यंत आमच्या सासऱ्यांनी लावलेली झाडं होती. बुंधे अजून तसेच होते, कमरेएवढे, वरून पिंजलेले. मधेमधे हातभर नवी रोपं. आई वाकून एकेका रोपाच्या बुडाला हात लावत होत्या. पाणी कसं देता, खत कुठलं, दर काय मिळतो, किती झाडं विम्यात होती. काकू उत्तरं देता देता पायरीवरच बसल्या. तासभर त्या दोघी तिथंच होत्या. आम्ही सुवर्णगणेशाला जाऊन आलो तरी त्या तिथंच.

आईंनी घरून निघताना गुळाची ढेप बांधून घेतली होती. आमच्या दौंडकडं गुऱ्हाळं पुष्कळ. मी म्हटलं होतं, पैसे देऊन राहणार आहोत, ढेप कशाला? त्यांनी ऐकलं नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्याकडं काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते, सगळं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतं. आई त्या दिवशी पहाटे तव्यापुढं बसतात त्या रात्रीच उठतात. जन्मभर दुसऱ्याला वाढलेल्या बाईला रिकाम्या हातानं कुणाच्या पंगतीला बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. काकूंनी ढेपेचा कोपरा फोडून वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच गुळाचे मोदक केले. नारळ त्यांचा, तांदूळ त्यांचा, गूळ घाटावरचा. उकडीचा मोदक हा कोकणाचा म्हणतात, पण गुळाच्या बाबतीत तरी त्या दिवशी तो आमचाही होता.

हरिहरेश्वरला गेलो तर तिथं आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. आईंनी गाभाऱ्यात पाहिलं आणि पुजाऱ्यांनाच सांगितलं, "आमच्या यवतला बी ह्योच हाय." तिथून पुढं कोकण त्यांना परकं राहिलं नाही.

इथपर्यंत लिहिलं तर कोकणाचं पारडं जड वाटेल. पण त्याच सहलीत माझी जाऊ तीन दिवस वाळूवर बसून होती. तेव्हा मला वाटलं, तिला पाण्याची भीती वाटत असेल. आज कळतं. किनाऱ्यावर पुरुषांचे घोळके होते, गाड्या वाळूत फिरवत होते. पाण्यात उतरलेल्या एका मुलीचं काही पोरं मोबाइलवर चित्रण करत होती, तिच्या भावाशी त्यांची बाचाबाची झाली. कपडे बदलायला आडोसा नव्हता. मी साडी खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले, ओली झाले आणि तशीच गाडीत प्लास्टिकचा कागद टाकून बसले. जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही जावा, मी पिशव्या सांभाळते." पोहता येणारी बाई पिशव्या सांभाळत होती.

परवा वाद चालला असताना ती पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. "तिकडं मी पाण्यात होते, इकडं मी काठावर असते. मग मी कुठं म्हणणार?" दीर गप्प झाला. मलाही उत्तर सुचलं नाही. आपला किनारा सुंदर आहे, स्वस्त आहे, तिथली माणसं आपली आहेत, हे सगळं खरं. पण आपल्या घरातल्या बायकांना त्या पाण्यात उतरता येत नसेल तर तो किनारा घरातल्या निम्म्या माणसांचाच झाला. मला हे सरकारनं बांधायच्या शौचालयांपेक्षाही आपल्या पोरांच्या नजरेबद्दल म्हणायचंय. ती पोरं कोकणातली नव्हती. आमच्यासारखीच घाटावरून, गाड्या काढून आलेली होती. त्यांची भाषा मी ओळखली.

मे महिन्यात फुकेतचा समुद्र कसा असतो, हे दीरानं शोधून काढलं. ज्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची आपण मृगापर्यंत वाट बघतो, तो अंदमानच्या समुद्रावर मे महिन्यातच पोचतो आणि फुकेत त्याच समुद्राच्या काठावर आहे. लाटा वाढतात, लाल झेंडे लागतात. पॅकेज स्वस्त का मिळतंय, ते तेव्हा कळलं. मुलांनी तोंडं पाडली. फुकेत पुढच्या दिवाळीवर गेलं. जाऊ एवढंच म्हणाली, "कोकणात येते. पण पोहायला मिळणार असलं तर."

मी दिवेआगरच्या काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, की अहो इथं असं काही नसतं असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, पहाटे या. सहाला, गर्दी व्हायच्या आत. आमच्या वाडीतून थेट किनाऱ्यावर वाट आहे, मी आणि माझी सून बरोबर येऊ, परत येऊन आमच्याच न्हाणीत अंघोळी करा. फक्त ओहोटीत आत जायचं नाही, पाणी बाहेर ओढतं. भरती चढत असेल असाच दिवस धरा.

तो दिवस कसा धरायचा, ते त्यांनी सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असली की चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. त्याच्या आधीचे सहा तास पाणी चढत असतं. फोन स्पीकरवर होता. जाऊनं पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बोट फिरवायला लागली. सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण भरती पाहिजे, म्हणजे तिथी कितवी?

आई चुलीपाशी होत्या. "आठला तीनानं भागून चारनं गुणा," मुलगा म्हणाला, तोवर त्यांनी सांगितलं, "अकरावी. एकादस." आणि फोनकडं तोंड करून काकूंना म्हणाल्या, "माझा उपास आसंल त्या दिवशी. वरी हाय का तुमच्याकडं, का घेऊन येऊ?"